ठकीला सात येत नाही!

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा… आठ!"

ठकीनं टोपल्यातल्या भाकरी मोजल्या आणि ऐटीत मान डोलवली. ठकी म्हणजे कोण, तर माझा उजवा हात! त्याच्यावर चढवलेला जुना मोजा, मोज्याला दोन काळी बटणं आणि काळ्या लोकरीच्या दोन वेण्या. मी साडीच्या पडद्यामागं उकिडवी बसलेली. गुडघे दुखायला लागलेले, हात घामानं ओला झालेला. पडद्यापलीकडं पहिलीची लेकरं.

क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मग एक बारीकसा आवाज आला.

"सात."

ठकी थांबली. "काय म्हणालीस गं? मला ऐकूच आलं नाही."

"सात!" आता आवाज जरा मोठा होता.

पडद्यामागून मला काही दिसत नव्हतं. फक्त वर्गाच्या बाई खुर्चीवरून उठल्याचा आवाज आला आणि मग सगळं चिडीचूप. मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. नंतर कळलं, त्या मुलीनं त्या वर्गात काढलेला तो पहिला शब्द होता. शाळा जूनमध्ये सुरू झाली होती आणि तेव्हा सप्टेंबर चालू होता.

मैत्रिणींनो, त्या एका शब्दाची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

कातरणाचं गाठोडं

मी काही शिक्षिका नाही. पाथरीत आमच्या घराच्या ओट्यावर माझं शिलाई मशीन आहे. ब्लाउज, परकर, फॉल-पिको, गणवेशाची उसवलेली शिवण, जे येईल ते करते. पाथरीचं नाव काढलं की बाहेरगावचे लोक साईबाबांची आठवण काढतात, कारण बाबांचा जन्म इथला असं पुष्कळ जण मानतात. पण इथल्या आम्हा बायांची पाथरी म्हणजे कापूस, ऊस, गोदाकाठची गावं, आणि दिवाळी झाली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून निघणारी ऊसतोडीची माणसं.

माझ्या मशीनखाली कायम कातरणाचं एक गाठोडं असतं. खणाचे तुकडे, अस्तराच्या पट्ट्या, साडीच्या काठाची टोकं. टाकवत नाही आणि कामालाही येत नाही. "एवढं कशाला जमवून ठेवतेस?" असं हे दर दिवाळीला विचारतात आणि मी दर दिवाळीला उत्तर टाळते.

२०२२ सालच्या जुलैमध्ये जवळच्या एका गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या बाई ब्लाउजचं माप द्यायला आल्या. त्यांची नजर त्या गाठोड्यावर गेली आणि ब्लाउज राहिला बाजूला! "ताई, याच्या बाहुल्या करून द्याल का? हातात घालून बोलायच्या बाहुल्या."

मी म्हटलं, "बाई, लेकरांना खेळायला का?"

त्या म्हणाल्या, "नाही, शिकायला."

बाईंनी फार वर्षांपूर्वी दिल्लीच्या सीसीआरटी या संस्थेचं बाहुलीकामाचं प्रशिक्षण घेतलं होतं. ही केंद्र सरकारची संस्था १९७९ साली सुरू झाली. देशभरातल्या शिक्षकांना तिथं आपल्या कला शिकवतात आणि त्या वर्गात कशा वापरायच्या तेही दाखवतात. बाहुल्यांवर त्यांचा वेगळा अभ्यासक्रमच आहे. बाईंनी तिथं केलेल्या बाहुल्या बदल्यांच्या सामानात कुठंतरी हरवल्या होत्या. पण त्या वर्षी त्यांना त्यांची फार आठवण येत होती.

कारण तुम्हालाही ठाऊक आहे. २०२० च्या मार्चपासून शाळा बंद, अंगणवाड्याही बंद. २०२२ साली जी लेकरं पहिलीत आली, त्यांनी अंगणवाडीची गाणी, गोष्टी, गोल करून बसणं काही पाहिलंच नव्हतं. घरातून निघाली ती थेट पहिलीच्या वर्गात! बाई म्हणाल्या, "नुसती बघत बसतात हो माझ्याकडं. विचारलं की खाली मान. काही तर तोंडच उघडत नाहीत."

पहिला खेळ, पहिली फजिती

मी आठ दिवसांत पाच बाहुल्या केल्या. म्हातारी, कोल्हा, वाघ, अस्वल आणि एक भोपळा. अगदी मन लावून! म्हातारीला इरकली काठाची नऊवारी, नाकात मण्याची नथ. आपल्याकडं महालक्ष्म्या बसवताना कोथळ्यांना साडी नेसवायची असते, मुखवटा चढवायचा असतो. ते करता करता हातांना सवय झालेलीच असते. निऱ्या कुठं धरायच्या, पदर कुठं टाचायचा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

बाई म्हणाल्या, "आता तुम्हीच या खेळ करायला." मी आधी नाहीच म्हणाले. पण ह्यांनी गाडी काढली आणि मुलीनं पिशवी भरली. म्हटलं, जाऊन तर बघू.

दाराच्या चौकटीत साडी बांधली. लेक भोंडल्यात उभी राहावी तशी धीट उभी राहून कोल्ह्याचा आवाज काढायची. लेकीकडून जंगलात निघालेल्या म्हातारीची आणि भोपळ्याची गोष्ट चांगली चाळीस मिनिटं चालली. शेवटी मी म्हातारीच्या तोंडून उपदेशही केला. रोज शाळेत या, हात धुवा, खोटं बोलू नका, भांडू नका. एकही विषय सोडला नाही!

लेकरं खूप हसली. एक मुलगा मात्र वाघ बघून भोकाड पसरून रडला. त्यानं टीव्हीवर 'झपाटलेला' पाहिला होता. बाहुली बोलायली म्हणजे हा तात्या विंचूच, अशी त्याची खात्री! त्याला बाहेर नेऊन गूळ-शेंगदाणे द्यावे लागले.

मी खुशीत घरी आले. दोन दिवसांनी बाई ब्लाउज न्यायला आल्या. चहा घेता घेता म्हणाल्या, "ताई, लेकरांना मजा आली. राग मानू नका, पण दुसऱ्या दिवशी मी विचारलं, काय काय आठवतं? तर कोल्हा कसा पडला एवढंच. म्हातारीनं काय सांगितलं ते एकालाही आठवेना. आणि जी बोलत नव्हती, ती अजूनही बोलत नाहीत."

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? एवढा खर्ची घातलेला वेळ, नथीचे मणी, सगळं डोळ्यांपुढं आलं. पण बाईंचं म्हणणं खरं होतं. आपण पडद्यामागून बोलत राहिलो आणि लेकरं पडद्यापुढं बसून ऐकत राहिली. मग फळा आणि पडदा यात फरक काय राहिला?

कमी जाणणारी बाहुली

त्या दिवशी आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत बसलो. बाईंनी एक गोष्ट सांगितली, ती मला आजवर पुरलेली आहे. त्या म्हणाल्या, "मी फळ्यापाशी उभी राहून विचारते, सहाच्या नंतर किती? लेकराला माहीत असतं की, बाईंना उत्तर येतंय. बाई आपली परीक्षा बघतायत. चुकलं तर सगळे हसतील. म्हणून ते गप्प बसतं. पण बाहुलीला खरंच येत नसेल तर?"

मला एकदम अर्धवटराव आठवला. रामदास पाध्ये यांची ती बोलकी बाहुली आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलीय. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांनी ती घडवली आणि पुढं मुलानं ती घरोघरी पोचवली. नावच बघा, अर्धवटराव! तो शहाणा असता तर आपल्याला इतका आवडला असता का? त्याला कमी कळतं म्हणून तर तो वाटेल ते विचारू शकतो आणि आपण खुर्चीत बसल्या बसल्या त्याला मनातल्या मनात उत्तरं देतो.

मग मी जुन्या मोज्याची ठकी केली. नथ नाही, नऊवारी नाही. दोन बटणं, दोन वेण्या. ठकी नुकतीच पहिलीत आलेली. तिला सात येत नाही. डावा-उजवा कळत नाही. 'क' उलटा काढते. पेन्सिलीचा डबा हरवते आणि रडते. खेळ दहाच मिनिटांचा. आणि दर दोन मिनिटांनी ती अडते. अडली की मी गप्प बसायचं, लेकरं काही बोलेपर्यंत.

हे गप्प बसणं सगळ्यात अवघड गेलं बघा! आपण बाया लेकराच्या तोंडून अर्धं वाक्य निघायच्या आत उरलेलं आपणच म्हणून मोकळ्या होतो. मी मनात दहापर्यंत आकडे मोजायचे, तरी जीभ वळवळायची. पण थांबलं की कुणीतरी बोलतंच.

आणि त्या सप्टेंबरमध्ये ते 'सात' आलं.

ती मुलगी तांड्यावरची होती, बंजारा समाजाची. घरात गोरमाटी बोलायचे. शाळेतली मराठी तिला अर्धीमुर्धी कळायची. आपण बोललो तर चुकेल, हसतील, म्हणून तिनं बोलणंच बंद ठेवलं होतं. पण सातला गोरमाटीतही सातच म्हणतात! तो एक आकडा तिच्या घरचाही होता आणि शाळेचाही. त्याची तिला खात्री होती. आणि समोरची ठकी तर तिच्याहून अडाणी!

पुढच्या खेळात बाईंनी सुचवल्याप्रमाणं ठकीनं तिला विचारलं, "तुझ्या घरी आईला काय म्हणतात?" ती म्हणाली, "याडी." ठकीनं मुद्दाम चुकवलं, "गाडी?" सगळा वर्ग हसला, पण ती मुलगी सगळ्यांत मोठ्यानं हसली. कारण हसू तिला नव्हतं, ठकीला होतं. त्या दिवशी पूर्ण वर्ग 'याडी' म्हणायला शिकला. शिकवणारी ती होती.

लहान लेकराला सुरुवातीला घरच्या भाषेतून शिकू द्यावं, असं २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही म्हटलंय. पुढं २०२३ साली केंद्र सरकारनं तीन ते आठ वर्षांच्या लेकरांसाठी 'जादुई पिटारा' आणला. त्यात खेळणी, कोडी, चित्रपट्ट्या यांच्या जोडीला बाहुल्याही आहेत. म्हणजे दिल्लीतल्या मोठ्या माणसांनाही हे पटलेलं आहे. पण पेटीतली बाहुली आपोआप बोलत नाही. तिच्यात कुणाचा तरी हात जावा लागतो.

ही कला आपलीच

मला आधी वाटायचं, हे बाहुलीचं काम राजस्थानचं. जत्रेत कठपुतळी पाहिलेली ना! उदयपूरला देवीलाल सामर यांनी १९५२ साली भारतीय लोककला मंडळ काढलं, तिथं कठपुतळीवर मोठं काम झालं हे खरंच. पण आपल्या महाराष्ट्रातही ही कला जुनी आहे. 'कळसूत्री बाहुली' हा शब्द आपण दुसऱ्याच्या तालावर नाचणाऱ्यासाठी वापरतो. शब्द आहे म्हणजे ती वस्तूही आपल्याकडं असणारच की!

एका सुट्टीत आम्ही सिंधुदुर्गात गेलो तेव्हा कुडाळजवळ पिंगुळीला मुद्दाम थांबलो. तिथल्या ठाकर समाजानं तीन कला जपल्या आहेत. दोऱ्यांवर नाचणाऱ्या लाकडी कळसूत्री बाहुल्या, पडद्यामागं दिवा ठेवून सावलीनं खेळवायच्या चामड्याच्या बाहुल्या, आणि चित्रकथी. चित्रकथीत रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं एकेक करून समोर धरतात आणि गोष्ट गाऊन सांगतात. ही कला टिकवल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी तिथं संग्रहालयही उभं केलंय. त्या जुन्या लाकडी बाहुल्यांचे झिजलेले हात बघून माझे डोळे भरून आले. किती पिढ्यांच्या बोटांनी त्यांना नाचवलं असेल!

आपल्या मराठवाड्यात ही दोऱ्यांची बाहुली नसली तरी वासुदेव आहे, गोंधळी आहेत, सोंगं घेणारा रायरंद आहे. आपल्या परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड तर संत जनाबाईंचं गाव! दळता-कांडता ओव्या म्हणत घरातली लेकरं शहाणी करणाऱ्या बायांचा हा मुलूख आहे. गोष्ट सांगून शिकवणं आपल्याला नवीन नाही.

आणि आपल्या हाताशी आहे त्यातून लेकराला शिकवायचं, हा धडा तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कधीच घालून दिला. १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला त्यांनी गावातल्या लेकरांसाठी बालवाडी काढली. महागडी साधनं परवडायची नाहीत, तर शंख-शिंपले, बिया, पानं हीच साधनं केली. लेकरं येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आपण आज 'अंगणवाडी' म्हणतो त्यामागं ते अंगण आहे. माझं कातरणाचं गाठोडं त्या शंख-शिंपल्यांचंच भावंड म्हणायचं!

'बाई, आमच्या वर्गात या ना'

हळूहळू बोलावणी येऊ लागली. शनिवारी दुपारी मी एखाद्या शाळेत जायची. आमच्या पाथरीत उर्दू शाळाही आहेत. माझ्या एका गिऱ्हाईक आपा तिथं शिकवतात. त्या म्हणाल्या, "हमारे बच्चों ने क्या गुनाह किया?" मग ठकीची गुडिया झाली. वेण्यांवर ओढणी आली. मला उर्दू वाचता येत नाही, बोलणंही मोडकंतोडकं. पण ते तर फायद्याचंच ठरलं! गुडियाला खरोखरच काही येत नव्हतं. मी पडद्यामागून 'सेब'ला चुकीचं काहीतरी म्हणायची आणि लेकरं ओरडायची, "ऐसा नै बोलते!" त्या दिवशी मीच दहा शब्द शिकून आले.

सगळीकडं असं छानच झालं असं समजू नका. एका ठिकाणी चार वर्ग एकत्र बसवले, दीडशे लेकरं. मागच्यांना ठकी दिसेना, पुढचे सगळे एकदम ओरडायचे. नुसता गोंधळ झाला. एकीकडं वर्षातून एकदाच बोलावलं, फोटो काढले, हार घातला आणि झालं! तिथं लेकरांना करमणूक मिळाली, ती काही वाईट नाही, पण शिकणं म्हणाल तर फारसं नाही. जिथं बाईंनी बाहुली आपल्या कपाटात ठेवली, रोज दहा मिनिटं हातात घातली आणि मग लेकरांच्याच हातात दिली, तिथंच फरक पडला. मी गेले काय, नाही गेले काय!

म्हणून आता मी खेळ कमी करते आणि बाहुल्या जास्त शिवून देते. अंगणवाडीच्या ताई, माता पालक गटातल्या आया येऊन बसतात. एक जण मोजा आणते, एक बटणं. दुपार कशी जाते कळत नाही.

ठकी उसाच्या फडात

आता त्या मुलीचं सांगते.

दिवाळी झाली आणि तिची आई माझ्याकडं आली. दोन ब्लाउज लवकर शिवून हवे होते. परवा निघायचं म्हणाली. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायकोचा एक कोयता. आता माघार घेता येत नव्हती. बाईंनी तिला समजावून पाहिलं होतं. मीही म्हटलं, "पोरीला ठेव ना आजीपाशी. आत्ता कुठं बोलू लागलीय." ती खाली बघत म्हणाली, "धाकट्याला कोण सांभाळंल ताई? आम्ही दोघं फडात असतो."

यावर मी काय बोलणार? पोटाचा प्रश्न. मशीनवर बसून उपदेश करणं सोपं असतं.

मी ब्लाउजच्या घडीत एक छोटी ठकी ठेवून दिली. पैसे घेतले नाहीत. मनात म्हटलं, चिखलात पडेल, हरवेल, हरवू दे.

एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या. एके दिवशी ती मुलगी आईबरोबर ओट्यावर हजर! हातात ठकी. एक बटण गायब, वेणी एकच, मूळचा पिवळा रंग चुलीच्या धुरानं काळवंडलेला. मी विचारलं, "काय गं, ठकीला सात आलं का?"

ती म्हणाली, "तिला वीस येते."

झालं असं होतं, की फडावर ती ठकीला घेऊन धाकट्या भावाला खेळवत बसायची. बसल्या बसल्या उसाच्या मोळ्या मोजायची. ठकीनं चुकवायचं आणि हिनं सांगायचं. अक्षरं मात्र पार विसरली होती. बाईंना 'क'पासून परत सुरुवात करावी लागली. बाहुलीनं सहा महिन्यांची शाळा भरून निघत नाही, हे मला कबूल केलंच पाहिजे.

पण जाता जाता तिची आई जे बोलली ते मी कधी विसरणार नाही. "ताई, रातच्याला कोपीत ती त्या बाहुलीला शिकवायची. ऐकून ऐकून मलाबी आलं वीसपर्यंत. मी कधी साळंत गेलेच नाय ना."

पुढच्या दिवाळीला ती एकटीच माझ्याकडं आली. ब्लाउज टाकला आणि म्हणाली, "यंदा लेक आजीपाशी राहणार. बाईनं हंगामी वसतिगृहात नाव घातलंय. दोन वेळचं जेवण भेटतंय. धाकट्याला मी नेते संगं." बोलता बोलता तिचा आवाज दाटला. लेकराला मागं ठेवून जाणं म्हणजे काय, ते आईलाच ठाऊक. तिनं तो निर्णय घेतला, त्याचं श्रेय मी बाहुलीला देणार नाही. ते त्या आईचं आणि त्या बाईंचं आहे. ठकीनं फक्त एवढंच केलं, की त्या पोरीला आपल्याला काहीतरी येतं हे एकदा कळू दिलं.

तुम्हीही करून बघा

मैत्रिणींनो, २१ मार्च हा जागतिक बाहुलीनाट्य दिवस असतो. २००३ पासून तो जगभर पाळतात. पण त्याची वाट कशाला बघायची? जोडी हरवलेला एक मोजा प्रत्येक घरात असतोच.

मोजा हातात घाला. चार बोटं वरच्या बाजूला, अंगठा खाली. मध्ये खळगा पडतो ते झालं तोंड. तिथं जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा लंबगोल कापून, लाल अस्तर लावून टाचून घ्या. तोंड छान उघडतं-मिटतं. डोळ्यांना बटणं लावा. घरात तीन वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर मात्र बटणं नकोत, तोंडात घालतात. काळ्या दोऱ्यानं डोळे भरून काढा. लोकरीचे केस, कातरणाचा झगा. एका दुपारचं काम!

आणि बोलताना माझ्या चुकांतून शिकलेल्या चार गोष्टी ध्यानात ठेवा. बाहुलीला लेकरापेक्षा कमी येऊ द्या. ती अडली की तुम्ही गप्प बसा, मनात दहा मोजा. तिच्या तोंडून उपदेश करू नका आणि तिची भीती तर मुळीच घालू नका. एखादं लेकरू घाबरलं तर जवळ नेऊ नका, लांबून बघू द्या, मोजा काढून हात दाखवा. दहा मिनिटं झाली की बाहुली लेकराच्या हातात द्या आणि आता तुम्ही चुका. बघा, कसं तुम्हाला शिकवतं ते!

माझं कातरणाचं गाठोडं आता रिकामं असतं. परवा हे स्वतःहून म्हणाले, "अगं, माझ्या मोज्याची जोडी सापडेना."

मी काहीच बोलले नाही. ठकीला विचारा म्हटलं.